आईला म्हणालो कुंकू लाव, तर आई चिडली

द्राक्षवाला_चिंचवडात

मंडळी, मी इथं वाचतो जास्त, लिहितो कमी. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मूळचा तासगाव तालुक्यातला. 18 वर्षं झाली चिंचवडात राहतोय, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमचे आण्णा 2018 च्या जानेवारीत गेले, अटॅकनं. संक्रांत होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. डब्यात तिळाच्या वड्या होत्या आणि आईच्या हातात कासाराकडनं भरून घेतलेला नवा हिरवा चुडा. बागेत माल काढायला आलेला, व्यापारी येऊन दर ठरवून गेलेला. त्यातच हे.

तिरडी बांधणं चालू होतं तेव्हा आत्तीनं आईला न्हाणीमागं नेलं. बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली. मी सोप्यावर होतो. मधे एक भिंत. काचेचा आवाज ऐकू आला, मी भटजींना दोर कुठला आणायचा ते विचारत होतो. एक काच आईच्या मनगटात घुसली होती हे मला तिसऱ्या दिवशी बायकोनं सांगितलं.

आता मुद्दा. माझ्या थोरल्या मुलीचं लग्न वैशाखात आहे. हळद गावी, आमच्याच दारात. महिन्यापूर्वी यादी करत बसलो होतो तर आई म्हणाली, "हळदीला मी कोठीत बसतो, पाच सवाष्णी बघा तुम्ही." ज्या नातीला तिनं सहा वर्षं सांभाळलं (आम्ही दोघं नोकरीला, मुलगी शाळेत जाईपर्यंत गावीच), तिच्या हळदीला ही कोठीत, तांदळाच्या पोत्यांपाशी?

मी इथलं-तिथलं बरंच वाचलं होतं. विधवा प्रथा बंद करण्याचा हेरवाड ग्रामपंचायतीचा ठराव माहीत होता, आमच्यापासून तास-दीड तासावर आहे ते गाव. कारखान्यात एक पार्ट रिजेक्ट झाला तर मी ऑपरेटरला पाच वेळा "का?" विचारतो, फॉर्मच आहे तसा, पाच "का" भरल्याशिवाय फाइल बंद होत नाही. आणि घरात 45 वर्षं एकदाही विचारलं नाही, याची लाज वाटली. म्हणून पुढच्या रविवारी हिरवी काठपदराची साडी, डझनभर बांगड्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन गेलो. म्हणालो, "आई, हे सगळं खुळ आहे. तू कुंकू लाव, साडी नेस, सगळ्यात पुढं तू उभी राहा. कोण काय म्हणतंय बघतो मी."

मला वाटलं रडेल, जवळ घेईल. ती भयंकर चिडली. साडीची पिशवी उचलून माझ्या गाडीत ठेवली. एकच वाक्य बोलली, ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून फोनवर "जेवलास का, ठेवतो" एवढंच.

माझं काय चुकलं? तिच्या डोक्यात हे जे पिढ्यान्पिढ्या बसलंय ते काढायचं कसं? कुणाच्या घरी असं झालंय का?

तांबडा_पांढरा

चुकलं काहीच नाही राव, फक्त माणूस चुकला. हे काम नातीवर सोपवा. हळदीच्या दिवशी नवरीनंच आजीच्या कपाळाला बोट लावायचं, सगळ्यांसमोर. नातीनं लावलेलं आजी पुसते होय? आमच्या चुलतभावाच्या लग्नात असंच केलं, आजी दहा मिनिटं रडली आणि मग स्टेजवरून उतरायला तयार नव्हती. जास्त चर्चा करत बसू नका. चर्चा केली की माणसं तत्त्वावर येतात.

नाना_निवृत्त

मला वेगळं वाटतं, रागावू नका.

माझी आई 31 वर्षं वडिलांच्या मागं राहिली. माळकरी होती. कपाळाला बुक्का लावायची आणि तिला तो शोभायचा. आम्ही भावंडांनी तिला कधी "टिकली लाव" म्हटलं नाही, कारण तिला गरज वाटली नाही. वारीत सगळ्यांच्या कपाळी बुक्का असतो, तिथं कुणी कुणाला सवाष्ण की कोण विचारत नाही. तुमच्या आईचाही स्वतःचा काही विचार असेल की. मुलीच्या लग्नात चारचौघांत आपण किती सुधारलेले हे दाखवायला आईला पुढं उभं करू नका. हजारो वर्षांची परंपरा आहे, ती एका साडीनं मोडत नाही आणि मोडलीच पाहिजे असंही नाही.

जुनी_वही

नानांचा बुक्क्याचा मुद्दा पटला. पण "हजारो वर्षांची परंपरा" हे वाचून हात शिवशिवले. ग्रंथालयात नोकरी केली आहे, सवय जात नाही.

कुणाची परंपरा, हे आधी बघावं लागतं. केशवपन, सोवळं, विधवेला दुसरं लग्न नाही, हे मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्यासारखं वागू पाहणाऱ्या घरांत. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या मुरुड गावानं त्यांना वाळीत टाकलं, ते त्या समाजातलं. कुणबी, माळी, धनगर अशा कितीतरी समाजांत विधवेचा सर्रास पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा. मोहतूरही म्हणायचे. त्याला पहिल्या लग्नाचा मान नसायचा, रात्री उरकायचे वगैरे, पण बाई पुन्हा संसाराला लागायची, बांगड्या भरायची. पुढं घराला जरा बरे दिवस आले, चार एकर वाढले, की "आपल्यात पाट चालत नाही" हे सांगण्यात मोठेपणा वाटायला लागला. म्हणजे बऱ्याच घरांत ही चाल वरून आलेली नाही, शेजारून आलेली आहे. धागाकर्त्यांनी आईला किंवा एखाद्या म्हाताऱ्या नातेवाईकाला विचारून बघावं, कुणाचा पाट लागला होता का घरात. उत्तर ऐकून मजा वाटेल.

दुसरं, हेरवाडबद्दल अर्धवट माहिती फिरते म्हणून. मे 2022, राजर्षी शाहूंची स्मृतिशताब्दी. हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ग्रामविकास विभागानं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही विधवा प्रथा नाहीत. तेव्हा "पोलिसात देतो" असं आत्तीला सांगायला जाऊ नका.

तांबडा_पांढरा

आत्तीला पोलिसात 😄 लग्नच मोडायचं.

शिरोळची_ताई

मी शिरोळ तालुक्यातली, अंगणवाडी सेविका आहे. माझं वय 52. मिस्टर 2020 च्या सप्टेंबरमध्ये गेले, कोरोनात. माझं ऐका जरा.

त्यांना दवाखान्यातूनच नेलं. मी घरी, दारावर पट्टी, मलाही ताप. बांगड्या फोडायला येणार कोण? नणंद फोनवर रडत होती आणि मधेच म्हणाली, "वैनी, तेवढं तुमचं तुम्ही करून घ्या." मी फोन ठेवला आणि हाताकडं बघत बसले. दोन्ही हातांत मिळून अकरा बांगड्या होत्या, एक आधीच कधीतरी भांडी घासताना फुटलेली. फोडायची तर कशावर फोडायची, आणि फोडल्यावर काचा गोळा करायच्या पण मीच. ते हसण्यासारखं होतं, मी खरंच हसले, तापातच. बांगड्या राहिल्या. चौदा दिवसांत मला कुणी शिवलं नाही आणि कुणी काही फोडलं नाही, आणि त्यानंतर आभाळ कोसळलं नाही. दरवर्षी 30-40 बाळांची वजनं घेते मी, "मूठभर भात जास्त घाला" म्हणून सासवांशी भांडते, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आपण होऊन कधी आली नसती. पट्टी लावली म्हणून आली.

पुढं आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडचं झालं तेव्हा सगळ्यांनी मला फोन केले, जसं काय मीच ठराव केलाय. बरं वाटलं. पण सांगते, बांगड्या हातात असणं सोपं आहे. अवघड आहे ते हळदीकुंकवाचं ताट. ताट येतं, शेजारणीला लावतात, आणि माझ्यापाशी आल्यावर ते ताट अर्धा क्षण थांबतं. लावावं की नको, बाई काय म्हणेल. मग कुणी लावतं, कुणी पुढं जातं. त्या अर्ध्या क्षणाची सवय अजून झालेली नाही.

आता तुमच्याबद्दल. दादा, राग मानू नका. तेव्हा आईला कुणी विचारलं नाही आणि आत्तीनं काढून घेतलं. आता आईला कुणी विचारलं नाही आणि तुम्ही घालायला निघालात. साडी तुम्हीच ठरवली, रंग तुम्हीच, पुढं उभं राहायचं तेही तुम्हीच. आणि "हे खुळ आहे" म्हणालात. सात वर्षं ती ज्याच्यासाठी कोठीत बसली ते एका वाक्यात खुळ? मग ती सात वर्षं कशाची?

आणि ते एक वाक्य, जे तुम्ही लिहीत नाही म्हणता, ते लिहा. सगळं त्यातच असणार.

चष्मेबहाद्दर

ताईंना +1.

माझा प्रश्न साधा आहे. आईच्या डोक्यातलं काढायला निघालात, स्वतःच्या डोक्यातलं? उद्या तुम्ही आधी गेलात तर तुमच्या बायकोचं काय करायचं, हे कधी बोललात घरात? करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी आपल्या मागं पत्नीला हे सोपस्कार करायला लावू नयेत म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं होतं. तुम्हाला स्टॅम्पपेपर नको असेल तर जेवताना बोला. आई 2018 साली काय करत होती हे तुम्ही सांगितलंत. तुम्ही सोप्यावर नक्की काय करत होता ते दोर सोडून सांगा.

द्राक्षवाला_चिंचवडात

दोन दिवस उत्तर दिलं नाही. ताईंचं वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

वाक्य लिहितो. आई म्हणाली, "पक्कड कुनी दिली हुती रं तवा?"

आता पक्कड कसली ते सांगावं लागेल. मूळ पोस्टमध्ये मी ते गाळलं होतं. त्या दिवशी आत्तीनं एका पोराला माझ्याकडं पाठवलं, "काकू पक्कड मागायलीय." आईची जोडवी निघत नव्हती, लग्नापासूनची, बोटं फुगलेली. मोटरच्या पेटीत आण्णांची लाल मुठीची पक्कड असते, मी जाऊन काढून दिली. कशाला हवी म्हणून विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं, मला कळलं होतं. पोरगं पळत गेलं आणि मी पुन्हा दोराकडं वळलो. थोड्या वेळानं पक्कड परत आली, ती मी पुसून पेटीत ठेवली. पुसलेली मला आठवते आहे, म्हणजे पुसण्यासारखं काहीतरी होतं.

सात वर्षं मी हेच सांगत आलोय, की आत्तीनं केलं. बायकोला, मित्रांना, इथं तुम्हालाही. आत्ती जुन्या वळणाची, आत्ती अडाणी. मी नुसता भिंतीपलीकडं.

चष्मेबहाद्दर, बायकोशी बोललेलो नाही. बोलतो.

नाना_निवृत्त

लिहिलंत ते बरं केलंत. मी आधी जे लिहिलं त्यातलं अर्धं मागं घेतो. माझ्या आईला टिकलीची गरज वाटली नाही असं मी लिहिलं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं, तेव्हा गरज वाटली की नाही हे मला कसं कळणार, हा विचार काल रात्री आला. ती आता नाही. असो.

जुनी_वही

नाना 🙏

द्राक्षवाला_चिंचवडात

तीन आठवड्यांनी लिहितोय. काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं म्हणून.

आधी बायको. एका रात्री जेवताना विचारलं, मी गेलो तर तू काय करशील. ती म्हणाली, "आधी शुगर तपासून या." मग भाकरी मोडता मोडता म्हणाली, "जोडवी मी तशीही काढणार आहे, बुटात टोचतात. मंगळसूत्र ठेवणार, अडीच तोळ्याचं आहे. आणि न्हाणीमागं मला कुणी नेलं तर मी ओरडेन, हे तुमच्या भावाला आत्ताच सांगून ठेवा." म्हणजे तिचं सगळं ठरलेलं होतं. वीस वर्षं ताटाला ताट लावून जेवतोय, मला पत्ता नव्हता. तिनं ठरवलं कधी विचारलं, तर म्हणाली, "पक्कड पोरगं माझ्याच हातात घेऊन आलं होतं."

गावी एकटाच गेलो. आई परसात ज्वारी पाखडत होती. समोर बसलो आणि म्हणालो, आई, पक्कड मी दिली. सूप थांबलं नाही. "ठावं हाय," म्हणाली. बराच वेळ नुसता सुपाचा आवाज. मग तिचं तिनंच सांगायला सुरुवात केली. साबण लावला, फेस केला, तरी एका पायाची निघाली नाही. पकडीनं कापावी लागली, थोडं कातडं गेलं. "बांगड्यांचं काय न्हवं रं, त्या फुटायच्याच. पक्कड म्हटल्यावर मला वाटलं, आता तू आत येतोस. येऊन म्हनतोस, ऱ्हाऊ द्या. मी आत्तीला म्हनलं सुद्धा, जरा थांबा, बाळू येईल. पक्कडच आली."

याच्यावर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. फारसं बोलता आलं नाही.

दुपारी जेवल्यावर विचारलं, तुला काय पाहिजे हळदीला? साडी नाही, काही नाही, तूच सांग. तिनं तयार उत्तर दिलं. कुंकू नको. मधे एकदा नातीनं हट्टानं टिकली लावली होती तर खाज उठली, आता कपाळाला सवय नाही. हिरवी साडी नको, हिरवा तिला कधीच आवडत नव्हता, आण्णा आणायचे म्हणून नेसायची (हे मला नवीन). "पोरीच्या पायाला पैली हळद मी लावनार. सवाष्णींच्या आधी. आनि आत्तीला ते तू सांगायचं. मी न्हाई सांगनार. हळदीच्या दिवशी न्हवं, आधी सांगायचं."

जुनी_वही, तुम्ही सांगितल्याप्रमाणं पाटाचं पण विचारलं. आई तोंडाला पदर लावून हसली. तिच्या आजीच्या आईचा पाट लागला होता. पहिला नवरा प्लेगात गेला, वर्षभरात दुसरा केला, आणि आई ज्या आजीच्या मांडीवर वाढली ती त्या दुसऱ्या घरची. "मग आपल्यात चालत न्हाई म्हनतात ते?" म्हणालो. "आपल्यात म्हंजी तुमच्यात," आई म्हणाली. "तुमच्या आण्णांच्या घरात. मला सोयरिकीच्या वक्ती बजावून ठेवलं हुतं, हे कुठं बोलायचं न्हाई." पन्नास वर्षं बोलली नव्हती.

आता आत्ती. आत्ती 78 वर्षांची आहे, मिरजेत मुलाकडं असते. फोन लावायला मला चार दिवस लागले. दोनदा लावून रिंग जायच्या आत कट केला. कारखान्यात मी कस्टमरला माल परत घ्या म्हणून न घाबरता सांगतो, आणि इथं हाताला घाम. शेवटी जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभं राहून लावला. म्हणालो, आत्ती, पोरीला पहिली हळद आई लावणार आहे. तुला आधी सांगतोय. आणि त्या दिवशी पक्कड मी द्यायला नको होती, ती माझी चूक.

आत्ती गप्प. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "माझी कुनी फोडली ठावं हाय का तुला?" मला ठाऊक नव्हतं. आत्तीचे मालक 1991 साली गेले, मी बारा वर्षांचा होतो, मला फक्त तिथली जेवणाची पंगत आठवते. "तुज्या आजीनं. माझ्या आईनं. माझ्या आईनं सोताच्या हातानं फोडली, आनि मी हूं की चूं केलं न्हाई. आनि आता तू मला सांगतोस व्हय, चूक म्हनून? मग माझ्या येळंला कुनी का न्हाई सांगितलं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. "येत न्हाई जा मी लग्नाला," म्हणाली आणि ठेवून दिला.

आईला कळवलं. ती म्हणाली, बरं झालं, सांगितलंस ना, मग झालं. नाना म्हणाले तसं, इतकी वर्षं आपण कुणी विचारलं नाही, आता एका फोनवर तिनं हो म्हणावं ही अपेक्षाच जास्तीची होती. आत्तीचा राग मला खोटा वाटत नाही. आईनं जसा माझ्यावर धरला तसाच आहे तो, फक्त ज्यांच्यावर धरायचा ती माणसं राहिली नाहीत.

शिरोळची ताई, तुमच्या ताटाच्या अर्ध्या क्षणाबद्दल मी बायकोला आणि भावजयीला सांगितलंय. हळदीला ताट भावजय फिरवणार आहे. ती म्हणाली, थांबणार नाही, सरळ विचारणार, "लावू का?" प्रत्येकीला, सवाष्णीलासुद्धा. चालेल का? तुम्ही सांगा.

काल रात्री आत्तीच्या मुलाचा फोन आला. लग्नाचं, आत्तीचं काही बोलला नाही. एवढंच विचारत होता, की मिरजेहून तुमची गाडी सकाळी किती वाजता निघणार आणि पुढच्या सीटवर जागा आहे का, म्हातारीचे गुडघे मागं बसून दुखतात.